एका दिवसात तीन देश होतात का?

पुण्याहून कोणी आमच्याकडे जर्मनीत आखेनला यायचं ठरवलं की विमानाचं तिकीट काढायच्या आधीच हा प्रश्न येतो, "तुमच्याकडून म्हणे एका दिवसात तीन देश होतात?" गेल्या आठवड्यात परत विचारलंत म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

होतात हो. एका दिवसात कशाला, दहा सेकंदात होतात. आखेनहून बसने नेदरलँड्समधल्या फाल्सला जायचं, तिथल्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम जिथे भिडतात तिथे एक खांब आहे, त्याला फेरी मारली की झाले तीन देश. माझ्या आत्याने तर वडाला माराव्यात तशा सात मारल्या आणि हात जोडून म्हणाली, सात जन्म हाच व्हिसा मिळू दे. पूर्वी इथे चौथाही होता बरं का, जस्ताच्या खाणीवर कोणीच हक्क सोडेना म्हणून 1816 ते 1920 हा एवढासा तुकडा वेगळाच ठेवलेला, फाल्समधल्या रस्त्याच्या नावात अजून चार सीमाच आहेत. पण खरं सांगू, बघायला तिथे काही नाही. सीमा कळते ती गाड्यांच्या नंबरप्लेटवरून, पिवळ्या दिसायला लागल्या की समजायचं नेदरलँड्स आलं.

त्यापेक्षा माझं ऐका, अर्धा दिवस आखेनच्या कॅथेड्रलला द्या. सम्राट शार्लमेनने बाराशे वर्षांपूर्वी बांधून घेतलेलं ते अष्टकोनी चॅपल, 814 मध्ये त्याला पुरलं तेही इथेच, आणि पुढे 936 ते 1531 जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे व्हायचे. वरच्या मजल्यावरचं सिंहासन बघायला गाइडेड टूर घ्यावी लागते, ती घ्याच, कारण आपल्या डोक्यात सिंहासन म्हणजे सोनं आणि रत्नं, आणि समोर असतात संगमरवराच्या चार साध्या फरश्या जोडलेल्या! आत्या म्हणाली, एवढंच? आणि मग बराच वेळ बघत उभी राहिली.

बाहेर पडताना दारावरच्या सिंहाच्या तोंडात बोट घाला. गोष्ट अशी की बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा सैतानाने दिले, बदल्यात आत शिरणारा पहिला आत्मा मागितला, गावकऱ्यांनी आत सोडला लांडगा. सैतानाने चिडून दार आपटलं आणि त्याचा अंगठा तिथेच अडकून तुटला, तो हाताला लागतो म्हणतात. मला काहीतरी लागलं, शपथ.

दुसरा दिवस नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला द्या, बसने तासभर. युरोपियन युनियनचा करार 1992 मध्ये झाला ते हेच गाव, पण मी पाहुण्यांना नेते ते तेराव्या शतकातल्या चर्चमधल्या पुस्तकांच्या दुकानात, मधे ते सायकली ठेवायला वापरायचे, आता कमानींखाली काळ्या लोखंडी मजल्यांवर पुस्तकं आहेत आणि वेदीच्या जागी कॉफी.

बेल्जियममधलं लिएज राहिलंच तर राहू दे, तिथल्या टेकडीच्या पायऱ्या चढायची हौस असेल तरच जा, सरळ रेषेत 374 आहेत. वर जाऊन खाली मोझ नदी दिसते, मास्ट्रिख्टला जी मास म्हणून बघितली तीच. नावांचा हा घोळ लक्षात ठेवा. आम्ही पहिल्यांदा मास्ट्रिख्टहून गाडीने निघालो तर प्रत्येक पाटीवर लुइक, नवरा म्हणे हे कुठलं गाव, आपल्याला लिएजला जायचंय, आणि त्याने सरळ एक्झिट घेतला. लुइक म्हणजे डच भाषेत लिएजच हे कळेपर्यंत अर्धा तास शेतातून फिरत होतो. जर्मन लोक त्यालाच ल्युटिख म्हणतात.

आणि हो, पासपोर्ट हॉटेलात ठेवून येऊ नका, शेंगेन, म्हणजे सीमेवर तपासणी न करण्याचा करार, असला तरी 2024 पासून जर्मनीत परत शिरताना कधीकधी तपासतात. आखेनची प्रिंटन बिस्किटं घरी न्यायची असतील तर मऊ प्रकारची मागा, साध्या बिस्किटांनी आत्याची कवळी धोक्यात आली होती, शेवटी चहात बुडवून खाल्ली.