बाईंनी दाखवलेली पहाट

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे मुख्याध्यापकांचे पत्र आले आणि लिहायला बसलो, तेव्हा शाळेच्या इतर साऱ्या आठवणी मागे सारून आमच्या मराठीच्या बाईच समोर येऊन उभ्या राहिल्या. अंबाजोगाईच्या आमच्या पिढीने नाट्यसंगीत ऐकले ते बाईंमुळे, आणि पद नुसते ऐकून सोडायचे नसते, त्याच्या चालीला आणि शब्दांना प्रश्न विचारायचे असतात, हेही त्यांच्यामुळेच कळले.

आठवीत असताना स्नेहसंमेलनासाठी त्यांनी मला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत सौभद्र'मधील 'प्रिये पहा' हे पद दिले. रात्र सरून उषःकाल येत आहे, असे कृष्ण रुक्मिणीला सांगतो, ते हे 1882 सालच्या नाटकातले पद. चाल देसकार रागातली. रेडिओवर ऐकून मी ते पाठ केले होते आणि तालमीत मोठ्या उत्साहाने गायलो. बाईंनी पेटीचा भाता थांबवला. "लेकरा, कृष्ण पहाट झाली म्हणतोय आणि तू तर दिवेलागण केलीस," त्या म्हणाल्या. मला काहीच उमगले नाही. मग त्यांनी सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर वाजवून दाखवले. भूप आणि देसकार या दोन्ही रागांचे स्वर हेच. परंतु भूप गंधाराशी, म्हणजे 'ग'शी, रमतो आणि संध्याकाळचा होतो, तर देसकार धैवतावर, म्हणजे 'ध'वर, उभा राहतो आणि सकाळ करतो. मी प्रत्येक ओळीत गंधारावर विसावत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाईंनी मला शाळेच्या व्हरांड्यात बोलावले. पायरीवर कंदील ठेवलेला होता. त्यांनी मला डोळे मिटून बसायला सांगितले आणि आधी काय कळते ते विचारले. बालाघाटातली ती थंडी; अंगावर गार वारा आला, तेवढेच मी सांगितले. डोळे उघडले तेव्हा कंदिलाची ज्योत तशीच होती, पण तिचा उजेड फिका पडत चालला होता. थोड्या वेळाने पूर्वेकडचे आभाळ स्वच्छ झाले आणि मैदानातल्या लिंबावर पाखरांचा आवाज वाढला. मग बाईंनी सावकाश ओळी म्हटल्या: 'थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत'. त्यानंतर दिशा, अरुण आणि पुढच्या कडव्यात पक्षी. झोपेतून जागे होणाऱ्याला पहाट ज्या क्रमाने कळते, त्याच क्रमाने किर्लोस्करांनी ती लिहिली आहे. 'सुटत', 'होत', 'करित' या क्रियापदांमुळे ती सांगितली न जाता डोळ्यांदेखत घडते. त्या दिवसापासून माझा आवाज आपोआप धैवताकडे जाऊ लागला.

किर्लोस्करांच्या पदांत शब्द पुढे चालतात आणि 1911 च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांच्या चाली पुढे धावतात, असे बाईंचे मत होते व त्यांना पहिलेच अधिक प्रिय होते. मला टेंबे यांच्या चालीही तितक्याच मोलाच्या वाटतात, परंतु तुलना करण्याची सवय बाईंचीच.

आज मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली बारा वर्षे दर महिन्याला एका पदावर विद्यार्थ्यांबरोबर बसतो. अलीकडे सुभद्रेचे 'वद जाऊ कुणाला शरण' घेतले होते. 'शरण', 'हरण', 'चरण' ही यमके इतकी जवळजवळ का येतात, असे विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, तिला दम घ्यायलाही वेळ नाही." हे उत्तर ऐकायला बाई हव्या होत्या.

गेल्या वर्षी शाळेत आलो, तेव्हा संमेलनातली सर्व गाणी ध्वनिमुद्रित होती, आणि बाईंची पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात, भात्याला चिरा पडलेल्या अवस्थेत दिसली. मला फार वाईट वाटले. तिच्या दुरुस्तीचा सगळा खर्च मी करीन, असे मुख्याध्यापकांना कळवले आहे. समारंभाच्या आधी ती वाजती व्हावी आणि आठवीतल्या एखाद्या मुलाने तिच्या साथीने 'प्रिये पहा' म्हणावे, एवढी विनंती आहे.