मिठीच्या काठाकाठाने

मुंबईची मिठी नदी बघायला निघालोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "नाक घरी ठेवून जा." सल्ला अगदीच चुकीचा नव्हता. विहार आणि पवई तलाव ओसंडले की त्या पाण्याची ही नदी होते आणि साधारण १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. आरेच्या बाजूला ती अजून नदीसारखी दिसते. झाडी, दगड, एखादा बगळा. मरोळ ओलांडलं की दोन्हीकडे पत्र्याच्या शेडची पाठ आणि मधे काळं पाणी. काठाने सलग चालता येत नाही. गल्लीतून बाहेर यायचं, पुलावरून डोकवायचं, पुन्हा गल्लीत शिरायचं. विमानतळापाशी नदी चक्क धावपट्टीखाली जाते. तिथे मी रिक्षा केली.

कुर्ल्याच्या क्रांतीनगरात बराच रेंगाळलो. गल्ल्या नदीपर्यंत जाऊन थांबतात. एका घरात चहा मिळाला. उंबरा गुडघ्याएवढा उंच. फ्रिज लोखंडी स्टँडवर, पलंगाच्या पायांखाली विटा, विजेचा मीटर माझ्या डोक्याच्या वर. पोटमाळ्याच्या कडेला खिळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती, तोंड घट्ट बांधलेली.

"रेशनकार्ड, फोटोपास, पोरांचे दाखले," मावशी म्हणाल्या. "पाणी चढलं की आधी ती पिशवी, मग पोरं."

हसत म्हणाल्या, पण पिशवी कुठल्या हाताने काढायची हेसुद्धा त्यांचं ठरलेलं होतं.

१९ ऑगस्ट २०२५ला मिठीची पातळी ३.९ मीटरवर गेली, तेव्हा इथल्या साडेतीनशेच्या आसपास लोकांना हलवावं लागलं. मावशी पोरांना घेऊन गेल्या. घरातले काका मात्र पोटमाळ्यावरच बसून राहिले.

"तुम्ही का नाही गेलात?"

"सिलिंडर कोण बघणार? आणि घर उघडं टाकून जायचं?"

बाहेरून बघणाऱ्याला हा हट्ट वाटेल. मला नाही वाटला. आजच्या बांगलादेशात १९७०च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. पुढे तिथे उंच निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक नेमले. तरी लोक गुरं सोडून निघत नसत. मग गुरांचीही सोय झाली, कारण गाय गेली तर वाचलेल्याने खायचं काय? २०२०च्या अम्फान चक्रीवादळात तिथले मृत्यू काही डझनांवर थांबले. तिकडे अमेरिकेत २००५ साली कतरिना चक्रीवादळ येण्याच्या आदल्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला शहर सोडण्याचा आदेश निघाला होता. गाडी नसलेले हजारो लोक मागेच राहिले. इशारा सगळ्यांना एकच मिळतो, निघणं प्रत्येकाचं वेगळं. जगात सुमारे १८१ कोटी लोक मोठ्या पुराच्या टप्प्यात राहतात असा जागतिक बँकेच्या अभ्यासकांचा २०२२चा अंदाज आहे. त्यातल्या किती जणांना काकांसारखं मागे बसावं लागतं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

पुढे बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. ही सगळी खाडीकाठची दलदल होती. भराव घालून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि नदीची पसरायची जागा गेली. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! त्यात भरती, म्हणजे खाडी पाणी घेईना. आजही जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की मिठी मागे फिरते, आणि सखल गल्ल्यांत पाणी नाल्यातून उलटं वर येतं. नदीकाठची संरक्षक भिंत त्याला काय करणार?

धारावीच्या बाजूने माहीमला पोहोचेपर्यंत चार वाजले होते. कुणाला जायचं असेल तर पावसाळ्याआधी जा, ओहोटीची वेळ बघून. बूट जुने घाला. धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात बसायला सावली आहे; तेही पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. आणि क्रांतीनगरात चहा मिळालाच तर काकांना शहाणपण शिकवू नका.