बैलांच्या कोठ्यात रेसची गाडी

आमच्या शेतीच्या फीडरवर थ्री फेज लाइन पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. गावात ट्रॉल्या बांधणाऱ्या मिस्त्रीचं वेल्डिंग मशीन थ्री फेजवर चालतं. त्यामुळे माझ्या गाडीचा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा, बहुतेक रात्रीच जोडला गेला. ओलिताला निघालेली माणसं ठिणग्या पाहून कोठ्याच्या दारात थांबायची. "काऊन बे, ट्रॉली बांधून रायले का?" हे इतक्या वेळा झालं की मिस्त्रीच "हाओ, ट्रॉलीच हाय" म्हणून मोकळा व्हायचा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. बैल जाऊन ट्रॅक्टर आला तेव्हापासून कोठा रिकामाच होता. मला ऑटोक्रॉस खेळायचं होतं. मातीवर वळणावळणाचा मार्ग आखतात, गाडी सोडतात आणि लागलेला वेळ मोजतात. पुण्या-नाशकाकडे या स्पर्धा होतात, आमच्याकडे कोणी नावही ऐकलेलं नाही. पण समजावून सांगायला त्रास पडला नाही, कारण शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सगळ्यांना माहीत आहे. तिथेही वेळ सेकंदाच्या तुकड्यांत मोजतात. बाबांनी तरुणपणी तळेगाव दशासरच्या पटात जोडी उतरवली होती. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली आणि 2021 च्या डिसेंबरात पटाला पुन्हा परवानगी दिली, ती मधली वर्षं त्यांनी कशी काढली ते आम्ही पाहिलंय. गाडीचं सांगितल्यावर ती किती पळेल हे त्यांनी विचारलं नाही. "थांबन कशी?" एवढंच विचारलं. पटात अंतर संपल्यावर जोडी आवरतानाच माणसं जास्त तुडवली जातात, असं त्यांचं म्हणणं.

गाडी घेतली जुनी मारुती एस्टीम. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, 85 अश्वशक्ती, वजन नऊशे किलोच्या आतबाहेर. 2007 मध्ये ती बनायची बंद झाली, तरी इंजिनाच्या सामानाची चिंता नाही, कारण जिप्सीचं आणि हिचं इंजिन एकाच घराण्यातलं. मारुती 800 त्याहून स्वस्त पडली असती. पण 37 अश्वशक्तीवर केजचं ओझं टाकलं की चढावर ती गाडी मागेच यायला लागेल, असं आमच्या मेकॅनिक चाचांचं मत पडलं आणि ते मला पटलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून टाकली, की ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या रूपात मनाने बदल करता येत नाहीत, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावून सांगितलं. शिवाय डोक्याजवळ लोखंडी पाइप असलेली गाडी हेल्मेट न घालता बाजारात नेणं हा कायद्याच्या आधी अकलेचा प्रश्न आहे.

मग गाडी उघडली. सीट, गालिचे, एसी, दारातल्या पॅनेली, छताचं कापड, सगळं बाहेर. सगळ्यात चिवट निघाला तो तळाला चिकटवलेला डांबरी थर. आवाज दबावा म्हणून कंपनी तो लावते. मोठ्या शहरातली मंडळी त्यावर सुका बर्फ टाकून तो तडकवतात. आमच्याकडे सुका बर्फ कुठला? मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा तर तो थर च्युइंगमसारखा ताणला जातो, छिन्नीलाच चिकटतो. म्हणून ते काम पौषातल्या पहाटेला ठेवलं. थंडीने थर कडक होतो, हातोडी मारली की टवके उडतात. ऊन चढलं की हत्यारं ठेवून द्यायची.

थराखाली गंज होता. काळी माती चाकाच्या वरच्या खोबणीत बसली की पावसाळाभर ओल धरून राहते, आणि पत्रा आतून कुजतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा तुकडा आणि बॅटरीखालचा पत्रा कापून नवा घातला. केजचे पाय ज्या तळावर उभे राहणार तोच कुजका असेल तर वरचा सांगाडा कितीही मजबूत असो, काय उपयोग?

आता केज. पैसा, वेळ आणि डोकं सगळ्यात जास्त इथे गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोटरस्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या नियमांत मुख्य कमानीला 45 मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा पाइप लागतो, बाकीच्यांना 38 चा आणि तेवढ्याच जाडीचा. तोही कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड ओढलेला आणि बिनजोडाचा. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, ईआरडब्ल्यू चालते ना?" नाही चालत. तो पाइप पट्टी वळवून, कड जोडून केलेला असतो. एका ठिकाणी तर सीमलेस म्हणून ईआरडब्ल्यूच पुढे केला. पाइपाच्या तोंडात बोट घालून फिरवलं की आतल्या जोडाची बारीक कड बहुतेक वेळा लागते, ती लागली. दुकानदार हसला आणि आतून दुसरा पाइप काढला. एका गावकऱ्याने आपला बोअरचा उरलेला जीआय पाइप फुकट देऊ केला. मन मोडवत नव्हतं, पण जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपावर वेल्डिंग करायचं म्हणजे विषारी धूर नाकात घ्यायचा आणि जोडही भरवशाचा नाही.

पाइप वाकवायचा तो थंडच. भट्टीत लाल करून, आत रेती भरून वाकवायची कला मिस्त्रीला येते, ट्रॅक्टरचे छप्पर तो तसंच करतो. पण तापवल्याने पाइपाचा गुण बदलतो, आणि नियमाप्रमाणे वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. त्यामुळे मुख्य कमान आणि पुढचे दोन पाय अमरावतीच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक बेंडरवर वाकवून आणले. तिथेही 45 ची डाय, म्हणजे वाकवायचा साचा, सगळ्यांकडे नसते. आधी फोन करून विचारावं, नाहीतर पाइप बसवर बांधून नेलेला तसाच परत आणावा लागतो. मोजमाप मी फिटिंगच्या जाड तारेने घेतलं. दरवाजाच्या खांबाला लागून तार वाकवायची, तीच नमुना म्हणून न्यायची.

एक पाइप दुसऱ्यावर टेकतो तिथे त्याचं टोक गोलाईत कोरावं लागतं, फट राहता कामा नये. याला मशीन मिळतं. आम्ही कागद पाइपाभोवती गुंडाळून, रेघ मारून, ग्राइंडरने कोरलं. मिस्त्रीचा हात इतका बसलेला की शेवटी शेवटी कागदाची गरज पडेना. जोड मात्र सगळीकडून, पूर्ण फेरीचा हवा. छताला चिकटलेल्या पाइपाच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा रॉड पोचतच नाही, म्हणून केजच्या पायाखालचे पत्रे बसवायच्या आधी सगळा सांगाडा खाली सोडायचा, वरचे जोड पूर्ण करायचे आणि मग उचलून पाय बसवायचे. ही युक्ती चाचांची. प्रत्येक पायाखाली तीन मिलिमीटर जाडीचा, किमान 120 चौरस सेंटिमीटरचा पत्रा आणि कमीत कमी तीन एम 8, म्हणजे आठ मिलिमीटरचे बोल्ट, तेही 8.8 या ताकदीच्या ग्रेडचे. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये 8.8 मागितलं की "बोल्ट बोल्टच असतेत" असं उत्तर मिळतं. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो पाहूनच घ्यायचा.

38 चा पाइप मीटरला साधारण 2.2 किलो भरतो, 45 चा 2.6. म्हणजे पौषात पहाटे उठून काढलेलं वजन बरंचसं परत आत आलं. बाबा हे ऐकून मनापासून हसले.

याच सुमारास सीतादही, म्हणजे कापसाची वेचणी सुरू करतानाची पूजा, झाली आणि कोठा रिकामा करायची वेळ आली, कारण कापूस घरात येणार होता. गाडी निंबाखाली ताडपत्रीत गेली आणि काम थांबलं. कापसाच्या गंजीशेजारी ग्राइंडर चालवण्याइतका वेडा मी नाही. शिवाय आमच्याकडे ज्याने कापूस घरात साठवलाय त्याला अंगाची खाज काय असते ते माहीत आहे. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस बसला आणि कापसाची वाट पाहत मी.

इंजिनाला आम्ही जवळजवळ हात लावला नाही. टायमिंग बेल्ट, प्लग, क्लच प्लेट, माउंटिंग एवढंच नवं. पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलल्या. गावातल्या पोरांचा यात फार हिरमोड झाला. "टर्बो नाई लावत? मंग रेसची कशी?" त्यांना दाखवायला माझ्याकडे फक्त ब्रेक होते. नवे डिस्क, नवे पॅड, मागच्या ड्रमची जुळणी, आणि डॉट 4 ब्रेक ऑइल. जुनं ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं आणि तापल्यावर उकळतं. उकळलं की पेडल तळाला जातं. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं भांडं असतं, त्याच्यासाठी खाली पाच मिलिमीटरची ढाल मिस्त्रीने ट्रॉलीच्याच पत्र्यातून केली आणि ती अशी बसवली की ऑइल बदलायला फक्त दोन बोल्ट काढावे लागतात.

किल स्विचचं काम वायरमन मित्राने केलं. नुसती बॅटरी तोडली तर अल्टरनेटर इंजिनाला वीज देतच राहतो आणि गाडी बंद पडत नाही. म्हणून सहा टोकांचा स्विच लागतो, जो बॅटरी आणि इग्निशन दोन्ही एकदम तोडतो. बाहेरूनही ओढता यावा लागतो, आणि तिथे निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण चिकटवायची.

सीट आणि पट्ट्यांत काटकसर करू नये. पट्ट्यांवर संपायची तारीख छापलेली असते, साधारण पाच वर्षांची. त्यामुळे जुन्या स्वस्त मिळाल्या तर आधी ती तारीख वाचायची. खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून फार खाली उतरू नयेत, 45 अंशांच्या पुढे तर नाहीच. उतरले तर धक्क्यात पाठीचा कणा दाबला जातो. म्हणून केजमध्ये पाठीमागे एक आडवा पाइप नेमक्या उंचीवर घेतला. डोक्याजवळच्या पाइपांवर काही जण एसीचा काळा फोम गुंडाळतात. तो दिसायला छान, पण दाबला की मऊ आणि पेटला की भडकतो. मोटरस्पोर्टचं कडक पॅडिंग वेगळं मिळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. एफएमएससीआय या देशाच्या संघटनेचं लायसन्स, त्यासाठी डॉक्टरचा दाखला, रक्तगट, फोटो. तालुक्यातल्या डॉक्टरांनी फॉर्म दोनदा वाचला आणि "शेती ठीक सुरू आहे ना?" असं विचारून सही केली.

सराव आमच्या बरडावर केला. काळ्या वावरात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात चाक गेलं तर स्ट्रटच, म्हणजे चाकावरचा शॉकअॅब्जॉर्बरचा खांब, तुटेल. बरड मुरमाड, तिथे गाडी छान घसरते. युरियाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वळणं आखली. पहिल्या दिवशी कळलं की पुढच्या चाकांवर चालणारी ही गाडी वळणात अॅक्सिलरेटर दाबला की सरळच जाते. वेग आधी कमी करायचा, नाक वळवायचं, आणि मगच पाय द्यायचा. धुळीने एअर फिल्टर एका सकाळीत भरायचा.

स्पर्धेला गाडी आयशरमध्ये नेली. रॅम्प नव्हता. वावराच्या उंच बांधाला आयशर मागून लावला, फळ्या टाकल्या आणि ढकलून आत घेतली, आधी बैल चढवायचो तसंच. कारंज्याजवळ समृद्धीवर चढलो. त्या रस्त्यावर शंभर-सव्वाशेने पळणारे लोक बाजूने जाताना आमच्याकडे बोट दाखवून हसत होते, आणि आयशरवाला म्हणत होता, "रेसची गाडी आन् हिलेच ओव्हरटेक करून रायले."

तपासणीला खरी धाकधूक होती. तपासणीसाने आरसा घेऊन छताकडचे जोड पाहिले, बोटाने चाचपले. बोल्टांची डोकी वाचली. मला पट्टे बांधून बसवलं आणि हेल्मेटपासून पाइप किती लांब आहे ते हाताने मोजलं. मग इंजिन सुरू करून बाहेरून किल स्विच ओढला. इंजिन तिथल्या तिथे मेलं. त्याने विचारलं, "केज कुठे केला?" मी म्हटलं, गावात, ट्रॉली बांधणाऱ्याने. मागे उभ्या मिस्त्रीकडे त्याने पाहिलं आणि एक पाइप दाखवून म्हणाला, पुढच्या वेळी दाराचे पाइप एकमेकांना छेदून टाका. मिस्त्रीने खिशातली पेन्सिल काढून ते तिथेच आयशरच्या फळीवर काढून घेतलं.

धाव दोन मिनिटांचीही नव्हती. माझ्या वर्गात मी मधल्या गाड्यांत आलो. पहिले आलेले लोक वळणाच्या आधी ज्या ठिकाणी ब्रेक मारत होते त्याच्या बरंच अलीकडे मी मारत होतो. गाडी थांबत होती, माझाच विश्वास कमी पडत होता. दुसऱ्या धावेत थोडा पुढे सरकलो आणि वेळही सुधारली. बाबांना फोनवर आकडा सांगितला. पटात जोडी हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात. ते म्हणाले, "ठीक हाय. धुरकरी नवा हाय ना."

आता गाडी परत कोठ्यात आहे. मिस्त्री दाराचे पाइप कापून नवे छेदून टाकतोय, त्यासाठी उरलेला 38 चा पाइप पुरेल असं दिसतं. पुढची स्पर्धा पावसाळ्यानंतर आहे, तोवर मागच्या चाकांना जरा कडक स्प्रिंग मिळतात का ते पाहायचंय. चाचा म्हणतात व्हॅनच्या बसतील, मिस्त्री म्हणतो नाही बसणार. रात्रीची पाळी सोमवारपासून आहे, तेव्हा बसवून पाहू.