कोरींच्या मिशा: फेब्रुवारी ते जुलै

१८ फेब्रुवारी
दोन फुटी टाकीतले खडे काढले, वाळू घातली. टाकीत सहा ब्राँझ कोरी आहेत, तळाशी चरणारे छोटे मासे. त्यातल्या चौघांच्या तोंडाजवळच्या मिशा झिजून अर्ध्यावर आल्यात, मला वाटतं खड्यांमुळे. घेताना दुकानदार म्हणाला होता, "तळातला कचरा खातील, वेगळं काही घालू नका." वर्षभर मी ते इमानेइतबारे पाळलं. वर पोहणाऱ्या टेट्रा माशांनी सोडलेल्या फ्लेक्सवर (पापुद्र्यांच्या खाद्यावर) बिचारे जगले.

वाळू सिलिकाची, पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये भरतात ती. शेजारच्या बांधकामावरची क्रश सँड फुकट मिळत होती, पण ती दगड फोडून केलेली, कण धारदार. कोरी तोंड थेट वाळूत खुपसतात आणि चाळलेली वाळू कल्ल्यांतून सोडतात. तिथे धार नको. पाणी नितळ येईपर्यंत नऊ बादल्या धुतल्या.

मासे काढायला जाळी वापरू नका. छातीच्या परांचे काटे जाळीत अडकतात, आणि ते बोटाला लागले तर झोंबतात चांगलेच. प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून हाकलले, सहाही आत आले.

(२०२४ मध्ये यांचं शास्त्रीय नाव बदललं. कोरिडोरास एनियसचं आता ऑस्टिओगॅस्टर एनिया झालंय. आपण कोरीच म्हणणार.)

९ मार्च
तीन आठवडे झाले, मिशा तसूभर वाढल्या नाहीत. उलट एकाच्या टोकाला पांढुरकं दिसतंय. म्हणजे सगळा दोष खड्यांचा नव्हता.

आज लाकडाचा ओंडका उचलून खाली सायफन घातला. काळं पाणी आलं आणि सडक्या अंड्याचा वास. फेब्रुवारीत खड्यांच्या जागी वाळू घातली, पण ओंडका उचलायचा कंटाळा केला होता, त्यामुळे त्याच्याखालचा वर्षाचा गाळ जिथल्या तिथे. पाण्याच्या चाचणीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य (दोन्ही माशांना विषारी) म्हणून मी खूश होतो. पण ते नमुने वरच्या पाण्याचे. कोरींचा दिवस जातो तो तळाच्या दोन बोटांत, आणि नेमकी तिथेच घाण. अशा जागी जिवाणू माजतात आणि मिशा झडतात. साचलेल्या घाणीची खूण असलेलं नायट्रेट मात्र ४० पीपीएमच्या वर निघालं, त्याकडे मी कानाडोळा केला होता.

आता वाळू दोन इंचांवरून एक इंचावर. दर रविवारी ओंडका उचलायचा, ३० टक्के पाणी बदलायचं. दिवा बंद केल्यावर तळाला बसणाऱ्या खाद्याच्या दोन गोळ्या, उरलेलं सकाळी काढायचं. बुधवारी फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या.

५ एप्रिल
वाढतायत! काचेला टेकले की स्पष्ट दिसतं. पण एकाची डावी मिशी पार मुळापासून गेलीय, तिथे काही नाही. ती येईल असं वाटत नाही.

३ मे
पाणी ३१.५ अंश. कोरी सारखे वर झेपावून हवेचा घोट घेतायत. एरवीही घेतात, आतड्यातून हवा शोषायची सोय आहे त्यांना, पण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून खेपा वाढल्या. झाकण काढून वर जाळी बांधली, छोटा पंखा पाण्यावर सोडला. २८.५ वर आलं. रोज दोनेक लिटर उडून जातं, ते भरायचं. बर्फ टाकायचा सल्ला मिळाला, ऐकला नाही. पारा असा खालीवर करण्यापेक्षा थोडं गरम परवडलं.

१५ जून
काल पहिला दणदणीत पाऊस. रविवारच्या बदलाला नळाचं पाणी चांगलंच गार आलं, अँटी-क्लोरीन घालून सोडलं, टाकी २८ वरून २५ वर. आज पहाटे उठलो तर चार नर एका मादीच्या मागे, काच वरपासून खालपर्यंत पुसून काढतायत. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून थबकते, पोटाखालच्या परांची ओंजळ करते, ओंजळीत दोन-चार अंडी. मग काचेवर जागा शोधत हिंडते आणि चिकटवते. चहा गार झाला, ऑफिसला उशीर झाला.

मोजली, ६१. बोटाने हळूच लोळवून काढली; ताजी असतात तेव्हा मऊ, तासाभराने धरवतात. डब्यात टाकीचंच पाणी, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन, बुरशी रोखायला मिथिलीन ब्लू या औषधाचे दोन थेंब. आईबापांपाशी ठेवली असती तर दुपारपर्यंत फस्त.

२ जुलै
अंडी चौथ्या दिवशी फुटली. बुरशीने १९ गेली, पहिल्या आठवड्यात आणखी काही. आज पिल्लं २३. मायक्रोवर्म (बारीक जिवंत कृमी) सकाळ-संध्याकाळ, आणि रोज रात्री सिरिंजने डब्याचा तळ साफ. हा कंटाळा मात्र करायचा नाही असं ठरवलंय. भिंगातून बघितलं: एवढ्याशा जीवाला मिशा आहेत, आणि त्या सतत हलतायत.

डावी मिशी गेलेला उजव्या बाजूने चाळत जेवतो, पोट टुमटुमीत आहे. उद्या पिल्लांच्या डब्यात चमचाभर वाळू घालून बघणार आहे.