तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोचा करडा भाग भरून का टाकत नाही?

पुरातून निघालेल्या फोटोंच्या आमच्या शोकेससमोर दोन मिनिटं थांबलेलं माणूस हे विचारतंच. "खालचा भाग असा करडा का? आता एआय आलंय, भरून टाका की." विचारणाऱ्यांत कॉलेजची पोरं असतात, चित्रकलेचे सर असतात, आणि 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरात ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी गेलं होतं तीही माणसं असतात. तोंडी उत्तर दर वेळी अर्धंच राहतं, म्हणून लिहून ठेवते.

मांडणी साधी आहे. जुनी लाकडी शोकेस, फोटोफ्रेमच्या जागी सात इंची बारा स्क्रीन, काचेवर गाळाची रेघ. रेघेच्या खालच्या स्क्रीनवर पुरात बुडालेल्या मेमरी कार्डांतून निघालेले फोटो, जसे निघाले तसे.

आधी तो करडा रंग. तो आम्ही निवडलेला नाही. जेपेग, म्हणजे कॅमेरा फोटो ज्या रूपात साठवतो ती फाइल, वरून खाली, डावीकडून उजवीकडे उलगडत जाते. आतले संकेत सारख्या लांबीचे नसतात; एक कुठे संपला हे कळल्याशिवाय दुसरा कुठून वाचायचा ते कळत नाही. मधली एक बिट, म्हणजे एक शून्य किंवा एक, बिघडली की पुढचं वाचन घसरतं. रंगही शेजारच्या चौकटीपेक्षा किती वेगळा एवढाच नोंदलेला असतो, म्हणून एखादा गाल जांभळा झाला की तिथून पुढची भिंतसुद्धा जांभळी होते. आणि जिथे काहीच उरलेलं नाही तिथे शून्य धरलं जातं. त्या शून्याचा रंग म्हणजे 0 (काळा) ते 255 (पांढरा) मधला 128, बरोब्बर मधला करडा. इथलं मला ठाऊक नाही, हे फाइल स्वतः सांगत असते. त्यावर रंग चढवणं मला खोटं बोलण्यासारखं वाटतं.

एवढं हाती यायलाही काय लागतं ते सांगते, कारण पुढच्या पावसात कुणाच्या तरी उपयोगी पडेल. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरू नका. तांदूळ आतला गाळ काढत नाही. कार्ड काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये खळबळून घ्या, मग 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मग दोन दिवस सिलिका जेलच्या बंद डब्यात. पितळी दिसणाऱ्या पट्ट्या काळवंडल्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. कॉम्प्युटरला लावल्यावर "फॉरमॅट करू का" असं विचारलं जाईल, तिथे नाही म्हणा. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने अख्ख्या कार्डाची प्रत काढायची. अडलेली जागा नोंदवून ते पुढे जातं आणि नंतर परत येतं. मग त्या प्रतीवर फोटोरेक हा हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवायचा, मूळ कार्डाला हात नाही. हार्डडिस्क बुडाली असेल तर घरी वीज देऊच नका. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, वाळलेल्या गाळाचा एक कण पुरतो.

फोटोरेक फाइली ओळखतो ते सुरुवातीच्या खुणेवरून. त्यामुळे नावं जातात, फोल्डर जातात. बारसं, मयत, पन्हाळ्याची सहल सगळं एका रांगेत येऊन बसतं.

एके काळी मीही भरा म्हणणाऱ्यांतलीच होते. माझा मुद्दा असा की स्टुडिओत फोटो मोठा करून वरून रंगवायची पद्धत जुनीच आहे. चित्रकार घरच्यांना विचारायचा, साडी कुठल्या रंगाची होती, नथ होती का, आणि तसं रंगवायचा. मग यंत्राने केलं तर काय बिघडलं? हा मुद्दा आजही मला पूर्ण खोडता येत नाही. एवढंच, की चित्रकार विचारायचा.

आणि मग तो बारशाचा फोटो. नदीकडच्या एका गल्लीतलं घर, पाच मेगापिक्सेलच्या फोनचं कार्ड. वरचा भाग स्वच्छ निघाला: तुळईला बांधलेल्या पताका, पाळण्याची दोरी, आजींचा चेहरा, खांद्यापर्यंत पदर. त्याखाली करडं. त्या आजींचा तेवढाच एक फोटो उरलेला. घरच्यांनी फार विनवलं आणि आम्ही भरला. करड्या भागावर मास्क टाकला, म्हणजे एवढीच जागा भर अशी खूण केली, आणि एआयला बारसं, पाळणा, नऊवारी, जुनं घर एवढे शब्द दिले. मिनिटभरात हिरवी नऊवारी आली, कोरीव पाळणा आला, जवळ समई तेवत होती. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठा करून, लॅमिनेट करून त्यांनी तो सोप्यात लावला.

चार महिन्यांनी डिस्क आवरताना लहान फाइलींचं फोल्डर उघडलं. कचरा कमी व्हावा म्हणून 20 केबीखालच्या सगळ्या फाइली आम्ही बाजूला सारल्या होत्या. चूक तिथे झाली. कॅमेरा सहसा फोटोच्या अगदी सुरुवातीला त्याचीच छोटी प्रत ठेवतो, बहुतेकदा 160 बाय 120 पिक्सेलची, आणि फोटोरेक ती नावाला 'टी' अक्षर लावून वेगळी काढून देतो. मोठा फोटो खालून गेला तरी ही प्रत सुरुवातीला असल्याने वाचते. बारशाचीही वाचली होती. तिच्यात साडी हिरवी नव्हती, विटकरी होती. समई नव्हती. पाळणा लोखंडी पाइपचा होता. आणि पाळण्याला खेटून, दोरीवर हात ठेवून, जमिनीवर एक बाई बसली होती. बाळाची आत्या. नाव ठेवणारी. यंत्राने तिच्या जागी रांगोळी काढली होती.

आम्ही ती प्रत घेऊन गेलो. घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. आत्या त्या घरी येत नाही. का, ते विचारायचा आम्हाला अधिकार नाही. शेवटी घरातले कर्ते म्हणाले, "राहू दे ताई, भिंतीवरचाच बरा आहे." जिचं बारसं, ती आता शाळेत जाते. तिने छोटा फोटो मोबाइलवर मागून घेतला. व्हॉट्सॲपवर नको, फाइल म्हणून पाठवा, असं बजावलं तिने.

तेव्हापासून आम्ही भरत नाही. पण मी त्या घरावर अन्याय करते आहे का, हा विचार जात नाही. त्यांचं दुःख हलकं करणारा फोटो त्यांना मिळाला होता, आणि तो पुरता खोटा नव्हता. चेहरा आजींचाच आहे. करडा ठेवा म्हणणं, ज्याचं घर बुडालं नाही त्याला सोपं जातं. हे मला एकाने तोंडावर सुनावलं आहे आणि उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

घरच्यांच्या संमतीने तो फोटो आता खालच्या फळीवर, उजवीकडून दुसऱ्या स्क्रीनवर आहे. मोठा, अर्धा करडा. त्याच्या कोपऱ्यात ती छोटी प्रत, न ताणता, आहे तेवढ्याच मापात: जेमतेम इंचभर रुंद. बघायला गुडघे टेकून बसावं लागतं. आत्याचा हात तिथे सहा-सात पिक्सेलचा आहे.