कोचला नारळ मिळणार का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ऑक्टोबर उजाडला, इथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये आपल्या युनिव्हर्सिटीची टीम लागोपाठ दोन-तीन मॅच हरली, की अमेरिकेतली आपली मंडळी एकच विचारतात: कोचला नारळ मिळणार का? मी 'आधी करार बघू' म्हटलं की चेहरे पडतात. खेळाचं विचारलं आणि हा पैशांचं बोलतोय, असं तुम्हाला वाटतं. मला खेळातलं कळत नाही म्हणून मी करार बघतो, असंही एक-दोघांनी ऐकवलं आहे. ते खरं नाही. टीमचा बचाव कुठे फुटतोय ते मलाही दिसतं. पण त्यावरून कोचची नोकरी ठरत नाही.

सरकारी युनिव्हर्सिटीच्या कोचचा करार बहुतेक राज्यांत मागितला की मिळतो. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. कसूर सिद्ध न करता काढलं तर किती रक्कम द्यायची, म्हणजे बायआउट. ती रक्कम कोणत्या तारखेला कमी होते. आणि काढलेल्या कोचला दुसरीकडे काम मिळालं, तर तिथला पगार या रकमेतून वजा होतो का. हे तिसरं कलम कुणी वाचत नाही, आणि खरा फटका तिथेच बसतो. टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशरला दिलेल्या करारात अशी वजावट नव्हती. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याला काढलं तेव्हा युनिव्हर्सिटीच्या डोक्यावर 7 कोटी 60 लाख डॉलरच्या आसपास देणं होतं. त्यातले सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलर 60 दिवसांत द्यायचे, उरलेले 2031 पर्यंत दर वर्षी. आदल्याच रात्री टीम 51-10 अशी जिंकली होती. उलट, करारात वजावट असलेल्या जेम्स फ्रँकलिनला पेन स्टेटने ऑक्टोबर 2025 मध्ये काढलं, तेव्हा आकडा 4 कोटी 90 लाखांच्या घरात सांगितला जात होता. महिनाभरात तो व्हर्जिनिया टेकला गेला आणि तडजोडीत तो आकडा 90 लाखांवर आला.

आता ज्या एका प्रसंगामुळे माझा स्वतःचाच 'आधी करार बघू' हा नियम मोडला, तो सांगतो. नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा कोच स्कॉट फ्रॉस्ट.

फ्रॉस्ट तिथला घरचा मुलगा. 1997 मध्ये नेब्रास्का मिशिगनसोबत राष्ट्रीय विजेती ठरली, तेव्हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, तोच होता. यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटी) 13-0, म्हणजे 13 विजय आणि एकही हार नाही, असा मोसम जिंकून देऊन तो कोच म्हणून परतला. 1962 पासून ज्या स्टेडियमची तिकिटं प्रत्येक मॅचला संपतात, त्या लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमने त्याला डोक्यावर घेतलं. मग हरणं सुरू झालं, आणि हरणंही जिवाला लागणारं. 2021 मध्ये 12 पैकी 9 मॅच गेल्या आणि त्यातली एकही 9 गुणांपेक्षा जास्त फरकाने नाही. त्या नोव्हेंबरात युनिव्हर्सिटीचा क्रीडा संचालक, म्हणजे कोचला नेमणारा-काढणारा, ट्रेव्ह अल्बर्ट्सने त्याला ठेवलं, पण करार बदलून. पगार 50 लाखांवरून 40 लाख. बायआउट 1 कोटी 50 लाख, ते 1 ऑक्टोबर 2022 ला निम्म्यावर, म्हणजे 75 लाखांवर येणार. आक्रमणाच्या चार सहायक कोचना त्याच दिवशी घरी पाठवलं.

ती तारीख मी तुम्हा सगळ्यांना तेव्हा सांगितली होती. 1 ऑक्टोबरपर्यंत कोणी हात लावणार नाही, असं छातीठोकपणे म्हटलं होतं. 75 लाख डॉलर कोण सोडेल?

2022 चा मोसम डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध सुरू झाला. 28-17 अशी आघाडी असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक मारायला लावली. ती छोटी किक आपल्याच खेळाडूंनी पकडली तर चेंडू परत आपल्याकडे, नाहीतर समोरच्याला मैदानाच्या मध्यापासून सुरुवात. नॉर्थवेस्टर्नने पकडली, तिथून टचडाउन केला, म्हणजे चेंडू नेब्रास्काच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोन) नेला, आणि मॅच 31-28 अशी नेली. तरी लोकांनी धीर धरला.

10 सप्टेंबरला घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्न. असे छोटे संघ मानधन देऊन बोलावतात, त्यांच्यावर सहज जिंकायलाच. त्या संघाने नेब्रास्काच्या बचावातून 642 यार्ड काढले. तोवर घरच्या मैदानावर 35 किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का कधीच हरली नव्हती: 214 वेळा, 214 विजय. त्या रात्री 42 गुण केले. 36 सेकंद उरले असताना जॉर्जिया सदर्नचा क्वार्टरबॅक आठ यार्ड धावत एंड झोनमध्ये शिरला. 45-42. बरोबरी साधू शकणारी नेब्रास्काची शेवटची 52 यार्डांची किक बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, फ्रॉस्टला काढलं. 1 ऑक्टोबरला 20 दिवस बाकी होते.

मी बरेच दिवस स्वतःशी भांडलो. थांबले असते तर काय बिघडलं असतं? पुढच्या शनिवारी ओक्लाहोमा येणार होती, आणि कोच बदलूनही नेब्रास्का 49-14 अशी हरलीच. मग 75 लाखांचं मिळालं काय? याचं एक उत्तर मला पटतं, पूर्ण नाही. 20 दिवस प्रत्येक खेळाडूला, प्रत्येक सहायकाला, टीममध्ये यायला डिसेंबरमध्ये सही करणार असलेल्या शाळकरी मुलांच्या आईवडिलांना माहीत असलेली गोष्ट लपवत बसायची, आणि भरल्या स्टेडियमसमोर त्या माणसाला उभं करायचं. ते अल्बर्ट्सला नको असावं. फ्रॉस्टला त्याने नेमलंही नव्हतं, आधीच्या संचालकाने नेमलं होतं. हेही बघायचं असतं: स्वतः नेमलेल्या कोचला काढणं म्हणजे स्वतःची चूक कबूल करणं. एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ऑक्टोबर 2025 मध्ये ब्रायन केलीला काढलं आणि त्याला आणणारा संचालक स्कॉट वुडवर्ड त्याच आठवड्यात गेला. टेक्सस ए अँड एममध्ये असताना फिशरलाही यानेच आणलं होतं.

म्हणून आता मी तारीख बघतो, पण तिच्यावर शपथ घेत नाही. सहायक काढले तर समजा कोचला एकच मोसम मिळालाय. संचालकाने पाठिंब्याचं पत्रक काढलं तर उगाच हसू नका. फ्लोरिडाने नोव्हेंबर 2024 मध्ये बिली नेपियरच्या बाजूने असं पत्रक काढलं आणि टीमने मोसम 8-5 असा संपवला. त्याला नारळ मिळाला तो पुढच्या ऑक्टोबरात, तोही जिंकलेल्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही 'हरला की जाणार' म्हणता ना, फिशर आणि नेपियर दोघेही जिंकून गेले. निर्णय आधीच झालेला असतो, मॅच मागून येते.

आणि कुणी म्हणेल की मोठ्या रकमेला आता कुणी भीत नाही, तर फ्लोरिडा स्टेट बघा. माइक नोर्वेल 2024 मध्ये 2-10, 2025 मध्ये 5-7, तरी ठेवला. खेळाडूंना थेट पैसे द्यायची सोय 2025 पासून झाली, पहिल्या वर्षी एका युनिव्हर्सिटीला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. आता बायआउट भरायचं की त्या पैशात चांगले खेळाडू आणायचे, हा हिशेब दर ठिकाणी वेगळा निघतो. पेन स्टेटमध्ये एक निघाला, फ्लोरिडा स्टेटमध्ये दुसरा, आणि मला दोन्ही आधी सांगता आले नसते.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर तीन गोष्टी सोबत आणा: बायआउट कमी व्हायची तारीख, घरच्या मैदानावर उरलेल्या मॅच, आणि कोचला नेमणारा संचालक अजून खुर्चीत आहे का. मग बसून बोलू. नेब्रास्काच्या वेळी या तिन्ही माझ्याकडे होत्या.