लकडगंज ते त्रिंकोमाली : आमची वाटचाल

आमच्या टूर कंपनीचं ऑफिस नागपूरच्या लकडगंजात, तेही आरा मशीनच्या भिंतीला लागून, हे ऐकून नवीन माणूस जरा थबकतो. फोनवर पत्ता सांगताना मागे करवतीचा आवाज सुरूच असतो. ही जागा बाबांची. त्यांचं सागवानाचं दुकान इथंच होतं. बल्लारशा आणि आलापल्लीच्या डेपोत लिलावात घेतलेले ओंडके ट्रकमधून आमच्या दारात उतरायचे आणि भुशाचा वास शाळेच्या दप्तरापर्यंत पोचायचा. 2006 मध्ये बाबांनी दुकान आवरतं घेतलं. त्याच वर्षी मागच्या खोलीत एक टेबल, एक फोन आणि एक लांबलचक रजिस्टर घेऊन मी यात्रा न्यायला सुरुवात केली. शेगाव, पंढरपूर, अष्टविनायक, मग रामेश्वर. सोबत आमचे महाराज स्वयंपाकाला आणि माझा धाकटा भाऊ सामानाला. नागपूरकरासाठी समुद्र म्हणजे रेल्वेची एक आख्खी रात्र. त्यामुळे रामेश्वरला लोक देवाइतकाच वेळ पाण्याकडे बघत बसायचे, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं.

श्रीलंकेतलं युद्ध 2009 मध्ये संपलं आणि हळूहळू पूर्व किनाऱ्याची वाट मोकळी झाली. एप्रिल 2012 मध्ये आम्ही 23 यात्रेकरूंची पहिली बॅच त्रिंकोमालीला नेली, कोणेश्वरमच्या दर्शनाला. महादेवाचं हे देऊळ समुद्रात घुसलेल्या एका उंच कड्यावर आहे. वाटेवरच्या जुन्या किल्ल्यात चितळं मोकळी फिरतात. आमच्या लोकांना ताडोबा आठवला. देवळामागच्या झाडाला नवसाचे चिमुकले लाकडी पाळणे बांधलेले असतात आणि त्याच्या पलीकडे सरळ खाली निळं पाणी.

दर्शन झालं, प्रसाद झाला, मी माणसं मोजत होते. नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू कठड्याला धरून उभ्या होत्या. एकदम ओरडल्या, “अवं पोरी, इकडं ये! पाण्यातून धूर निघून राहिला ना!”

खरंच धुरासारखं दिसत होतं. सपाट पाण्यावर एक पांढरा खांब उभा राहिला, वाऱ्याने थोडा कलला आणि विरला. मग त्याच्या खाली एक लांब, राखाडी-निळी पाठ वर आली. ती सरकतच राहिली. संपेल वाटलं तरी संपेना. अगदी शेवटी एक लहानसा पर दिसला आणि पाणी पुन्हा सपाट झालं. शेजारचा नारळवाला दोन बोटं वर करून म्हणाला, “ब्लू व्हेल.” पुढचा दीड तास तेवीस माणसं त्या कड्यावर बसून राहिली. बसवाला हॉर्न वाजवून थकला. यात्रा काढायला लागल्यापासून एवढी शांत बॅच मी पाहिली नव्हती.

नागपूरला परतल्यावर मी वाचायला लागले. त्रिंकोमालीच्या बंदराशी समुद्रतळाला एक खोल दरी आहे, ती किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून एवढा मोठा प्राणी देवळातून दिसू शकतो. तो फवारा पाण्याचा नसतोच, तो श्वास असतो. निळ्या देवमाशाचा श्वास नऊ मीटरपर्यंत, म्हणजे तीन मजली घराइतका वर जातो. हे सगळं मी पुढच्या बॅचला बसमध्ये सांगायचे आणि माझाच आवाज दाटून यायचा.

मग 2014 मध्ये आमच्या हातून चूक झाली. दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्सा इथं आम्ही बोट घेतली, सगळ्यांत स्वस्त. आदल्या रात्री आमच्या महाराजांनी हौसेने सावजी रस्सा केला होता. सकाळी सहाला निघालो आणि आठपर्यंत अकरा जण कठड्याला लागले. पण दुखलं ते वेगळंच. देवमासा दिसताच सात-आठ बोटी त्याच्या अंगावर गेल्या, आमचीही. इंजिनं गरजत होती, लोक मोबाइल उंचावत होते आणि तो प्राणी दोन श्वास घेऊन खाली गेला तो परत आला नाही. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, “बाई, आपण त्याला पाहायला आलो की हाकलायला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून आमचे नियम बदलले. बोटवाला कमी पैशांत नेतो म्हणून घ्यायचा नाही. तो अंतर ठेवतो का, इंजिन मंद करतो का, मागून पाठलाग करत नाही ना, हे आधी विचारायचं. समुद्रासाठी कायम दोन सकाळी राखायच्या, कारण एक दिवस वाऱ्याचा असतो. आणि देवमासा दिसेलच असं कधी लिहून द्यायचं नाही. यामुळे बुकिंगं गेली. दुसऱ्या कंपन्या ‘शंभर टक्के’ छापतात तिथं आम्ही ‘दिसला तर’ लिहितो. तरी मी ते बदललेलं नाही.

लाकडी जहाजांकडे आम्ही वळलो ते एका योगायोगाने. हॉटेल शोधायला मी इंटरनेटवर ‘त्रिंकोमाली’ टाकलं आणि समोर तीन डोलकाठ्यांचं एक जहाज आलं. इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी उभं. एचएमएस त्रिंकोमाली, बांधणी मुंबईची! मी खुर्चीतून उठून बाबांकडे गेले. जमशेटजी बमनजी वाडियांनी ते मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानात बांधलं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरवलं. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला होता, म्हणून काम मुंबईकडे आलं. पारशी रिवाजाप्रमाणे तळकण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. ब्रिटिश युद्धनौकांपैकी आज पाण्यावर तरंगत असलेली ही सर्वांत जुनी.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ओकापेक्षा सागवान भारी असते, हे त्यायले तवाच कळलं होतं?” कळलं होतं. ओकातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागवानातलं तेल खिळाही सांभाळतं आणि लाकूडही.

सप्टेंबर 2017. जहाजाला दोनशे वर्षं पूर्ण होत होती. नागपूरहून दोहामार्गे मँचेस्टर आणि तिथून बसने हार्टलपूल. चौदा माणसं, त्यांत बाबा. वय 74, गुडघे दुखरे, आणि व्हिसाच्या फॉर्मवर व्यवसायासमोर ‘लाकूड’ लिहिणारे. त्यांना शिडीवरून चढवायला दोघं लागले. डेकवर पाय टेकल्यावर त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. चष्मा कपाळावर सरकवला, खालच्या मजल्यावरच्या एका तुळईजवळ गेले आणि तळवा तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. सावकाश. मग नख लावून पाहिलं, मग वाकून वास घेतला. गाइड बाई हसत उभ्या होत्या. बाबा मराठीतच बोलले आणि मी भाषांतर केलं: “आपलं बल्लारशाचं रंगाला आणि नक्षीला चढ असते. हे पावसाचं लाकूड आहे, लांब आणि सरळ वाढलेलं. जहाजाले हेच पायजे.” गाइड बाईंनी आम्हाला दुरुस्तीत कुठे नवं लाकूड बसवलं आणि कुठे जुनं तसंच ठेवलं ते दाखवलं. 1990 पासून 2001 पर्यंत, अकरा वर्षं चाललेलं काम. फळ्यांच्या सांध्यात दोराचा चोथा ठासून वर डांबर ओतायची पद्धतही समजावली. बाबांनी त्या सांध्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “काम पक्कं केलं यायनं.” त्यांच्या तोंडून कुठल्याही सुताराला एवढी दाद मी ऐकली नव्हती.

तिथून व्हिटबी जवळच. एकेकाळी देवमाशांच्या शिकारीला जहाजं पाठवणारं हे बंदर; टेकडीवर जबड्याच्या दोन हाडांची कमान उभी आहे. आज उन्हाळ्याच्या अखेरीस हेरिंग मासळीमागे मिंकी देवमासे येतात आणि त्यांना पाहायला बोटी निघतात. मिंकी लाजरा. शेपूट वर काढत नाही, फवाराही धड दिसत नाही. पहिल्या सकाळी आम्हाला काहीच दिसलं नाही. दुसऱ्या सकाळी तीन वेळा काळा, वाकडा पर दिसला, तेवढंच. कुणीही तक्रार केली नाही, कारण निघण्याआधी धरमपेठेतल्या बैठकीत आम्ही प्रत्येकाला हेच सांगितलं होतं.

2019 मध्ये बॉस्टन. ही टूर आखताना मला जे सापडलं त्याने दोन रात्री झोप लागली नाही. तिथल्या नौदल गोदीत यूएसएस कॉन्स्टिट्यूशन आहे, 1797 चं, आजही नौदलाच्या सेवेत, आणि माहिती सांगायला गणवेशातले खलाशीच असतात. याच जहाजाने डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर ब्रिटिशांचं जावा जहाज निकामी केलं. जावावर काय होतं? मुंबईला निघालेले त्रिंकोमालीचे आराखडे! ते जहाजाबरोबर गेले, नवे पाठवावे लागले आणि वाडियांचं काम लांबलं. हार्टलपूल पाहिलेली पाच माणसं या बॅचमध्ये होती. कॉन्स्टिट्यूशनच्या डेकवर त्यांना हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “म्हणजे हा आपल्या जहाजाचा गुन्हेगार!” आपलं जहाज. तो शब्द त्याच्या तोंडून सहज आला.

बॉस्टनहून दोनेक तासांवर मिस्टिक गावात चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन आहे. 1841 मध्ये पाण्यात उतरलेलं, देवमाशांच्या शिकारीचं जहाज. ऐंशी वर्षांत 37 सफरी. डेकवर विटांची भट्टी आहे, तिच्यात दोन मोठ्या कढया. चरबी इथंच वितळवून तेल पिंपांत भरायचे, दिव्यांसाठी. आमचे महाराज त्या कढयांपुढे बराच वेळ उभे होते. आयुष्यभर कढईपुढे उभा राहिलेला माणूस, पण तिला हात लावला नाही त्यांनी. या जहाजाची दुरुस्ती झाली आणि 2014 च्या उन्हाळ्यात ते अडतिसाव्या सफरीवर गेलं, स्टेलवॅगन बँक नावाच्या राखीव समुद्रात. या वेळी भाले नव्हते. देवमासे जहाजाजवळ आले आणि माणसं नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच पाण्यावर गेलो. तिथले हंपबॅक देवमासे शेपटीच्या खालच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून ओळखतात. सॉल्ट नावाची मादी 1970 च्या दशकापासून तिथं येते. तिच्या लेकी-नातींचीही नोंद ठेवलेली आहे. आम्हाला सॉल्ट दिसली नाही, एक दुसरी दिसली, पिल्लासह. बोटवाल्याने इंजिन बंद केलं. ती आपणहून जवळ आली, आमच्या खालून गेली आणि पलीकडे श्वास सोडला. सडक्या मासळीचा वास सगळ्यांच्या अंगावर आला. कुणीही नाक धरलं नाही.

2020 आणि 2021 बद्दल थोडक्यात सांगते. दोन टूर रद्द झाल्या. परदेशातल्या एका एजंटाने आगाऊ रक्कम परत केली नाही. आमच्या लोकांचे पैसे आम्ही माझे दागिने गहाण ठेवून फेडले, पूर्ण. 2022 मध्ये श्रीलंकेत टंचाई होती म्हणून तिकडे गेलो नाही. 2023 पासून गाडी पुन्हा रुळावर आहे. आजही आम्ही चौघंच आहोत आणि एका बॅचमध्ये सोळाच्या वर माणसं घेत नाही. बाबा रोज अकराला ऑफिसात येतात आणि नव्या गिऱ्हाइकाला आधी सागवानाबद्दलच सांगतात. मी अडवत नाही.

येत्या एप्रिलची त्रिंकोमालीची बॅच भरली आहे. 2012 मध्ये पाण्यातला ‘धूर’ दाखवणाऱ्या काकू या वेळी नातीला घेऊन येत आहेत. पैसे भरायला आल्या तेव्हा हॉटेल कुठलं, जेवण काय, काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, “मले त्या कड्यावर बसाले जागा देजो, बस.” यंदा कोणेश्वरमला दोन नाही, तीन सकाळी ठेवल्या आहेत. सामानाच्या यादीत भावाने घडीच्या दोन खुर्च्या लिहून घेतल्या आहेत.